मुक्काम चार रात्री, दर्शन बसमधून

रविवारच्या पेपरातून सहलींची रंगीत पत्रके पडायला लागली की उन्हाळा जवळ आला असे खुशाल समजावे. 'बारा दिवस, सात देश' हा त्यातला जुना मंत्र. अलीकडे त्याच्या जोडीला एक नवा प्रकार आला आहे. शहर एकच, मुक्काम चार-पाच रात्रींचा, आणि त्या शहरातल्या किंवा तिथून निघणाऱ्या छोट्या सहली आपल्या आपण निवडायच्या. आमच्या मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातही हा प्रश्न आता घराघरांत येऊ लागला आहे. मुलगी नाहीतर मुलगा नोकरीनिमित्त लंडनला किंवा फ्रँकफर्टला असतो. तो निवृत्त आईवडिलांना विमानाचे तिकीट पाठवतो. त्याला सुट्टी मात्र शनिवार-रविवारचीच. मग उरलेले दिवस आईबाबांनी करायचे काय? म्हणून मुले मोबाइलवर सहली शोधतात, बाबा किंमत विचारतात आणि आई म्हणते, "मले काय समजते बाप्पा, तुमी नेसान तिकडं येईन मी."

हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण पुढची सगळी गडबड त्यातूनच सुरू होते. ज्या माणसासाठी एवढा खर्च करायचा, त्याला काय पाहायचे आहे हे कोणी विचारलेलेच नसते. मग निवड होते ती आकड्यांवर. एका सहलीत सहा ठिकाणे, दुसरीत नऊ, भाव सारखाच. साहजिकच नऊ ठिकाणांची सहल स्वस्त वाटते.

बँकेत माझा बराचसा काळ कर्जाचे कागद वाचण्यात गेला. त्यामुळे छापील कागदात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही, तिकडे नजर आधी जाते. सहलीचे पत्रकही त्याच नजरेने वाचावे. 'दर्शन' म्हणजे आत जाणे असेलच असे नाही. 'बाहेरून दर्शन' म्हणजे फाटकापाशी उभे राहणे. 'फोटो स्टॉप' म्हणजे दहा-पंधरा मिनिटे. 'पॅनोरमिक टूर' म्हणजे बसच्या काचेतून. 'ऐच्छिक सहल' म्हणजे वेगळे पैसे. यातला एकही शब्द खोटा नसतो. अर्थ विचारायची जबाबदारी मात्र आपली असते.

मागे एक निवृत्त मुख्याध्यापक अशीच तीन पत्रके घेऊन माझ्याकडे आले होते. "साहेब, यातले कोणते घ्यावे?" मी त्यांना चार प्रश्न एका कागदावर लिहून दिले. प्रवेशाचे तिकीट धरले आहे काय? प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष किती वेळ मिळणार? चालणे किती, पायऱ्या किती? आणि एका मार्गदर्शकामागे माणसे किती? चौथ्या दिवशी ते परत आले तेव्हा तीनपैकी दोन पत्रके बाद झाली होती. त्यासाठी मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

हे प्रश्न कुठून आले म्हणाल, तर आपल्याच तालुक्यातून. पोहरादेवी आमच्या मानोरा तालुक्यात आहे. बंजारा समाजाची ती काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे, जगदंबेचे मंदिर तिथे. रामनवमीच्या यात्रेला दूरदूरच्या तांड्यांवरून माणसे येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले, तेव्हापासून नुसते पाहायला येणारेही येऊ लागले. आता समजा, कोणी परदेशी पाहुणा वातानुकूलित बसने आला, बाहेरून संग्रहालयाचा फोटो काढला आणि पंधरा मिनिटांत पुढच्या गावाला निघून गेला. त्याने पोहरादेवी पाहिली, असे आपण म्हणू काय? नगारा कशासाठी वाजतो हे त्याला कोणी सांगितले नाही, यात्रेतल्या म्हातारीशी तो बोलला नाही, दर्शनाच्या रांगेत उभा राहिला नाही. आपल्या दैवताला जो न्याय आपण लावतो, तोच पॅरिसला आणि रोमला लावावा. परकी असली तरी तीही कोणाची तरी गावेच आहेत.

अंतराचेही तसेच आहे. लंडनहून एका दिवसात विंडसरचा किल्ला, बाथ शहर आणि स्टोनहेंजचे प्राचीन दगड दाखवून आणणाऱ्या बसेस निघतात. नकाशावर हे सगळे बोटभर अंतरात दिसते. पण एकटे स्टोनहेंजच लंडनपासून सुमारे १४० किलोमीटर आहे. कोणी जर म्हणाला की मानोऱ्याहून सकाळी निघून लोणारचे सरोवर, अजिंठा आणि वेरूळ एका दिवसात करून रात्री घरी आणून सोडतो, तर आपण त्याला हसू. तिकडे गेलो की मात्र हेच गणित आपल्याला पटते! साठीच्या पुढच्या माणसाने एका दिवसाला बाहेरगावचे एकच ठिकाण घ्यावे. बसमध्ये पाय सुजवून घेण्यासाठी कोणी सातासमुद्रापलीकडे जात नाही.

मग घ्यावे तरी काय? पहिल्या दिवशी मार्गदर्शकाबरोबरची शहरातली पायी फेरी घ्यावी असे मी सुचवीन. दोन-अडीच तासांत रस्त्यांची ओळख होते आणि बाकीच्या दिवसांसाठी धीर येतो. युरोपच्या बहुतेक मोठ्या शहरांत अशा 'मोफत' फेऱ्या असतात. त्या मोफत म्हणजे शेवटी मार्गदर्शकाला आपल्या खुशीने पैसे द्यायच्या. ते द्यावेत, कारण त्याचे पोट त्यावर असते. गुडघे दुखत असतील त्यांनी हवे तिथे उतरायची आणि पुढच्या बसमध्ये पुन्हा चढायची सोय असलेली शहरबस घ्यावी. मात्र एक पूर्ण फेरी न उतरता करावी आणि मगच कुठे उतरायचे ते ठरवावे.

जिथे इतिहास दाट आहे तिथे जाणत्या मार्गदर्शकावर पैसे खर्च करावेत. रोमच्या कोलोसियममध्ये सांगणारा नसेल तर मोडके दगडच दिसतात. उलट आयफेल टॉवरला मार्गदर्शकाची काय गरज? १८८९ साली उभा राहिलेला तो मनोरा स्वतःच बोलतो. तिथे फक्त लिफ्टचे तिकीट आधी काढून ठेवावे, कारण जिन्याने दुसऱ्या मजल्यापर्यंतच ६७४ पायऱ्या आहेत. बंद असण्याचे वारही पाहून घ्यावेत. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, व्हर्सायचा राजवाडा सोमवारी, आणि व्हॅटिकनची संग्रहालये महिन्यातला शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी. सेंट पीटरच्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. आपल्या बायांना त्याची चिंता नको. खांद्यावरून पदर घेतला की झाले. अडतात ते अर्ध्या चड्डीतले बाबा.

गर्दीच्या सहलींना आता ती शहरेही कंटाळली आहेत. ॲम्स्टरडॅमने २०२० पासून जुन्या भागातल्या मार्गदर्शित गटांना १५ माणसांची मर्यादा घातली. व्हेनिसने २०२४ साली २५ पेक्षा मोठ्या गटांना आणि मार्गदर्शकांच्या लाउडस्पीकरला बंदी केली. हे त्यांनी आपल्या रहिवाशांसाठी केले, पण फायदा आपलाही आहे. चाळीस माणसांच्या शेवटी उभे राहून झेंड्याची काठी तेवढी दिसते, सांगणे कानावर येत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. सहलीच्या यादीत नसलेले एक ठिकाण प्रत्येकाने आपले म्हणून शोधावे. लंडनचेच पाहा. १० किंग हेन्रीज रोड या घरात १९२१-२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांचे शिक्षण चालले होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर विकत घेतले आणि आज तिथे स्मारक आहे. नेहमीच्या दर्शन-बसेसच्या वाटेवर ते येत नाही. चॉक फार्म या भुयारी रेल्वेच्या स्थानकावर उतरून थोडे चालले की घर येते; जवळच्या प्रिमरोझ हिलवरून सगळे लंडन दिसते. ज्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, त्या घरातल्या आईला राजवाड्याचे फाटक पाहण्यापेक्षा या घराची पायरी चढणे मोठे वाटणार नाही काय? उघडे असण्याच्या वेळा तेवढ्या आधी विचारून ठेवाव्यात.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्याचे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवले. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या आणि त्या लंडनला गेल्या. पुष्कळशा आगीत जळाल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या मालकीच्या आहेत. त्या नेहमीच मांडलेल्या नसतात, पण त्या संग्रहालयातले भारताचे दालन पाहायला तिकीटही लागत नाही. वाशीम जिल्ह्यातल्या माणसाने तिथे उभे राहताना हा धागा मनात ठेवावा, म्हणजे परके शहर तितके परके राहत नाही. लंडनला १९३२ सालापासून महाराष्ट्र मंडळही आहे. मुले तिथे असतील तर त्यांनी मंडळाच्या कार्यक्रमांची चौकशी करावी. चार मराठी माणसे भेटली की आईबाबांना गप्पांची भूक भागवता येते.

पैशाचे दोन शब्द सांगितले नाहीत तर माझ्या जुन्या नोकरीला जागलो नाही असे होईल. शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. ब्रिटनचा व्हिसा वेगळा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस म्हणून जी रक्कम घेतात ती बुडत नाही. आयकराच्या विवरणपत्रात ती दाखवून वजावट किंवा परतावा मिळतो. ज्याच्या पॅनवर ती भरली त्यानेच विवरणपत्र भरायचे, एवढे ध्यानात ठेवावे. आणि ऐच्छिक सहलींचे पैसे इथूनच सगळे भरून टाकू नयेत. तिथे गेल्यावर पाय काय म्हणतात ते पाहून निम्म्या ठरवाव्यात. तिकीट हमखास आधी संपते, अशाच जागा तेवढ्या अगोदर पक्क्या कराव्यात.

एक दिवस मोकळाही ठेवावा. जूनमध्ये लंडनला रात्री नऊनंतर सूर्य मावळतो. संध्याकाळी लवकर जेवून घ्यावे, बागेतल्या बाकावर बसावे, लोक आपल्या पोरांना कसे रागावतात ते पाहावे. पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० साली आले आणि मराठी घरांना युरोप कळला, तो असा निवांत हिंडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी.

आपल्याकडच्या बहुतेक घरांत असा प्रवास एकदाच होतो. त्यामागे भविष्यनिर्वाह निधीचे पैसे असतात, नाहीतर मुलाची वर्षभराची बचत. पुढच्या वर्षी गुडघे याहून बरे असतील असेही नाही. म्हणून मुलांनो, सहल नोंदवण्याआधी एका संध्याकाळी फोन करा आणि आईला नीट विचारा, "आई, तुला तिथे काय पाहायचे आहे?" ती पहिल्यांदा "काही नाही" म्हणेल. दुसऱ्यांदाही म्हणेल. फोन मात्र ठेवू नका. शाळेच्या पुस्तकातले एखादे चित्र, रेडिओवर ऐकलेले एखादे नाव, कधीतरी पाहावासा वाटलेला समुद्र, असे काहीतरी ती हळूच सांगेल. सहलीच्या यादीत पहिले नाव त्याचे लिहा, आणि बाकीची ठिकाणे नंतर उरलेल्या वेळात बसवा.