डोळ्यांनी ऐकायचे गाणे

चिनी नाटकमंडळीचा खेळ तुम्ही पाहिला नसेल. पण ऐका, तो अगदीच परका वाटणार नाही. पेकिंगच्या, म्हणजे आजच्या बीजिंगच्या, संगीत नाटकात रंगमंचावर एक मेज आणि दोन खुर्च्या, बस्स. नटाच्या हाती गोंड्यांचा चाबूक दिसला की तो घोड्यावर आहे असे समजायचे. वल्हे दिसले की नावेत. तोंड लाल रंगवलेला बहुधा इमानी, पांढरेफटक तोंडाचा कपटी. बाकीचे गायनाने आणि वाद्यांनी सांगायचे.

या वाद्यांत काशाच्या दोन थाळ्या असतात. आपल्या झांजांसारखी ती जोडी नव्हे; एकेक थाळी टोला देऊन वाजवायची. मोठीवर टोला पडला की सूर घसरत खाली येतो, धाकटीचा मात्र वर चढतो. जादू नाही हो, थाळीच्या घडणीतच ती खुबी आहे.

हा नाद आता चित्रकार संगणकावर घेऊ लागले आहेत. संगणक नाद ऐकत नाही, मोजतो. ध्वनिमुद्रणात सेकंदाला ४४,१०० वेळा कंपनाचे माप घेण्याची पद्धत आहे. त्या आकड्यांवरून सुराची उंची आणि जोर काढता येतो. उंचीप्रमाणे रेघ वर-खाली, जोराप्रमाणे जाड-बारीक, एवढे ठरवले की मोठ्या थाळीची रेघ जाड निघून खाली उतरते, धाकटीची वर जाते.

पण लाल रंग कुठे द्यायचा? इथे यंत्र गप्प. इमान आणि कपट त्या आकड्यांत नसते. ग्वान यू हा इमानी सेनापती. त्याच्या प्रवेशाला चित्रकाराने पांढरा रंग दिला, तर जुना चिनी प्रेक्षक हसेल, नाहीतर चिडेल. म्हणून आधी नाटक जाणले पाहिजे. नुसती रंगांची आतषबाजी मला तरी फार वेळ पाहवत नाही. आपल्याकडे बालगंधर्व, तसे तिकडे स्त्रीभूमिका गाजवणारे मेइ लानफांग (१८९४–१९६१). तिथल्या स्त्रीवेषात बाहीच्या टोकाला पांढऱ्या रेशमाची लांब पट्टी असते. तिला ‘पाण्याची बाही’ म्हणतात. राग, लाज, शोक ती बाही बोलते. तिची लय ज्याने डोळ्यांत साठवली, त्याच्या रेघेला वळण येते.

गुरुजी, तुमच्या शाळेत संगणक नसला तरी अडत नाही. मुलांना पाटी आणि खडू द्या, डोळे मिटायला सांगा, आणि शाळेची घंटा एकदाच वाजवा. नाद विरेपर्यंत खडू उचलायचा नाही. मग पाट्या शेजारी-शेजारी मांडा. कुणाची रेघ लांब, कुणाची थरथरती; असे का, ते त्यांनाच विचारा.