काठी, दांडी आणि चाकाची खुर्ची

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात चारठाणा नावाचे एक जुने गाव आहे. यादवांच्या काळातील मंदिरे, कोरीव दगडी खांब आणि बारव यांसाठी ते प्रसिद्ध आहे. बारवेच्या पायऱ्या तुमच्यासारखी मुले सहज उतरतात. पण गुडघे दुखणाऱ्या एखाद्या आजोबांना स्वतःच्या घराचा उंबरठा ओलांडणेही त्या बारवेत उतरण्याइतकेच अवघड वाटते. हे फक्त चारठाण्यातच घडते असे नाही. तुमच्या गल्लीत, कदाचित तुमच्या घरातही असे कोणी तरी असेल.

म्हातारपण, आजार किंवा अपघात यांमुळे माणसाचे हातपाय पूर्वीसारखे चालत नाहीत. मग खाटेवरून उठणे, अंघोळ करणे, सदऱ्याची बटणे लावणे ही रोजची कामेही कठीण होतात. समजा, तुमची दादी संध्याकाळनंतर पाणी पीत नाही. तुम्हाला वाटेल, तिला तहान लागत नसेल. खरे कारण वेगळे असू शकते. रात्री शौचालयात जायचे तर कोणाला तरी उठवावे लागेल, याची तिला भीती वाटते. म्हणून ती तहान मारते. त्याने तिची तब्येत बिघडते. 'कोणाचे मोहताज व्हावे लागू नये,' असे घरातील मोठी माणसे म्हणतात, ते याचसाठी.

अशा वेळी आपण काय करतो? दादीचे प्रत्येक काम आपणच करू लागतो. आपला हेतू चांगला असतो. पण जो हात वापरला जात नाही, तो आणखी दुबळा होतो. जो पाय चालत नाही, तो आखडतो. शिवाय, 'आता माझ्याच्याने काही होत नाही,' असे माणसाला वाटू लागते. म्हणून तिचे काम करून देण्यापेक्षा ते तिला स्वतः करता येईल असे साधन देणे, ही अधिक चांगली मदत होय.

सर्वांत साधे साधन म्हणजे काठी. पण काठीसुद्धा मापाची हवी. पायात नेहमीची चप्पल घालून सरळ उभे राहावे आणि हात सैल सोडावा. मनगटाची घडी जिथे येते, तेवढी काठीची उंची असावी. काठी लांब असली तर खांदा वर उचलला जातो. आखूड असली तर माणूस वाकून चालतो. काठीच्या टोकाला रबरी बूच हवे, नाही तर ती फरशीवर घसरते. बूच झिजले की लगेच बदलावे. आता सांगा, उजवा पाय दुखत असेल तर काठी कोणत्या हातात धरावी? पुष्कळ लोक म्हणतात, उजव्या. ते बरोबर नाही. काठी डाव्या हातात धरावी आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकावी. त्यामुळे दुखऱ्या पायावरचा भार कमी होतो. पायऱ्या चढताना आधी चांगला पाय वर ठेवावा. उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय खाली ठेवावा.

काही साधने घरच्या घरी किंवा गावातल्या कारागिराकडून तयार होतात. खाट फार बुटकी असेल तर तिच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवावेत. ठोकळ्यांना मध्ये खोलगट खाच करावी, म्हणजे खाट सरकत नाही. खाटेवर बसल्यावर दोन्ही पाऊल जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. शौचालयाच्या आणि न्हाणीघराच्या भिंतीत गवंड्याकडून लोखंडी पाइपची दांडी पक्की बसवून घ्यावी. टॉवेल टाकायच्या दांडीवर भरवसा ठेवू नये. ती अंगाचा भार सोसत नाही. खाली बसता येत नसेल तर मध्ये भोक असलेली खुर्ची शौचालयाच्या भांड्यावर ठेवता येते. उंबरठ्याच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढावा, म्हणजे कमी दिसणाऱ्याला तो ओळखता येतो.

ज्यांच्या बोटांत जोर नाही, त्यांच्यासाठी चमच्याच्या दांड्यावर कापड किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी. जाड दांडा धरायला सोपा असतो. एकाच हाताने जेवणाऱ्याच्या ताटाखाली ओले फडके पसरावे, मग ताट हलत नाही. या वस्तूंना पैसा फारसा लागत नाही. थोडे लक्ष मात्र लागते.

काहींना मोठे साधन लागते. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे उदाहरण पाहा. तरुण वयातच त्यांच्या कमरेखालच्या शरीराची हालचाल थांबली. त्या चाकाच्या खुर्चीचा वापर करू लागल्या. त्यांनी शिक्षण घेतले, नोकरी केली. १९८४ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही संस्था सुरू केली आणि आपल्यासारख्या अनेकांना शिक्षणाची व कामाची वाट दाखवली. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी 'चाकाची खुर्ची' असेच नाव दिले. खुर्चीला चाके मिळाली म्हणून एवढे काम होऊ शकले.

मात्र साधन घराला आणि माणसाला शोभेल असे हवे. चाकाची खुर्ची आणली आणि ती दारातून आतच येत नसेल, तर काय उपयोग? म्हणून आधी दाराची रुंदी मोजावी. उंबरठ्यापुढे उतार करायचा असेल तर तो लांब हवा. १० सेंटिमीटर उंचीसाठी निदान १२० सेंटिमीटर लांबीचा उतार करतात. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी हीच गोष्ट ओळखली होती. त्या वेळी मिळणारे कृत्रिम पाय बूट घालून चालणाऱ्यांसाठी बनवलेले होते. आपले लोक अनवाणी चालतात, चिखलात काम करतात, जमिनीवर बसून जेवतात. म्हणून १९६८ च्या सुमारास त्यांनी रबराचा, वाकणारा पाय तयार केला. 'जयपूर फूट' या नावाने तो आज जगभर ओळखला जातो.

साधन विकत घेण्याची ऐपत नसेल तर सरकारी योजना आहेत. १९७२ साली कानपूर येथे भारत सरकारने असे साहित्य बनवणारे एक महामंडळ स्थापन केले. त्याला 'एलिम्को' म्हणतात. २०१७ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. तिच्यात ६० वर्षांवरील गरीब वृद्धांना काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, चष्मा, श्रवणयंत्र यांसारख्या वस्तू देण्याची तरतूद करण्यात आली. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाख रुपयांच्या आत असलेल्या वृद्धांना साधने घेण्यासाठी एकदाच ३,००० रुपये बँक खात्यात देण्याचे तिच्यात ठरले. दिव्यांग व्यक्तींसाठी केंद्राची वेगळी योजना आहे. तिच्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ग्रामपंचायतीनेही आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा राज्यात नियम आहे.

हे मिळवायचे कसे? प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना दाखवावे. कोणते साधन योग्य, हे त्यांना विचारावे. आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि फोटो यांच्या प्रती एका पिशवीत तयार ठेवाव्यात. मग ग्रामपंचायतीत किंवा जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. योजनांचे नियम बदलतात, म्हणून सध्या कोणता अर्ज चालू आहे हे विचारूनच अर्ज भरावा. चारठाण्याच्या माणसाला त्यासाठी परभणी गाठावी लागते. दुखऱ्या पायाने हा प्रवास सोपा नाही. इथे तुमची मदत खरी उपयोगी पडेल. अर्ज वाचून दाखवणे, तो भरणे, त्याची पोच जपून ठेवणे ही कामे तुम्ही करू शकता. तुम्हाला उर्दूही येते आणि मराठीही. ज्यांना सरकारी कागदावरची मराठी समजत नाही, त्यांना ती समजावून सांगणारे तुमच्याशिवाय दुसरे कोण आहे?

एक गोष्ट विसरू नका. कोणते साधन आणायचे, हे आपण परस्पर ठरवू नये. न विचारता आणलेला वॉकर पुष्कळदा कोपऱ्यात धूळ खात पडतो. म्हणून दादीजवळ बसा आणि विचारा, "दादी, कोणते काम तुम्हाला स्वतःच्या हाताने करायचे आहे?" कदाचित ती म्हणेल, वजू करायचा आहे. कदाचित म्हणेल, अंगणात जाऊन बसायचे आहे. ती जे सांगेल, त्यापासूनच सुरुवात करा.