रिकाम्या बाकांवरच्या मुली

महायुद्धाने मुलींना विद्यापीठाचं दार उघडून दिलं, असं पुष्कळदा म्हटलं जातं. जर्मनीचे आकडे पाहिले तर ते पटतंही. १९३३ च्या अखेरीस नाझी सरकारने नव्या प्रवेशांत मुलींना जेमतेम १० टक्के जागा ठेवल्या होत्या. ती मर्यादा लवकरच उठली, मुलगे आघाडीवर गेले आणि १९४३-४४ मध्ये जवळजवळ निम्मे विद्यार्थी मुली होत्या. पण ही मुभा सरकारच्या गरजेपोटी होती, मुलींचा हक्क म्हणून नव्हे. सोफी शोलचंच पाहा. १९४० मध्ये तिचं शालेय शिक्षण संपलं. सक्तीची श्रमसेवा टळेल या आशेने तिने बालवाडी शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा केला. ती टळली नाहीच, वर युद्धसेवाही करावी लागली. म्युनिक विद्यापीठात जीवशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकायला ती पोचली १९४२ च्या मे महिन्यात, आणि त्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला शस्त्रांच्या कारखान्यात कामाला जुंपलं गेलं. १३ जानेवारी १९४३ ला विद्यापीठाच्या वर्धापनदिनी नाझी पक्षाचा प्रांतप्रमुख पाउल गीस्लर याने तर विद्यार्थिनींना भर सभेत सुनावलं, की शिकण्यापेक्षा मुलं जन्माला घाला. मुली उठून बाहेर पडू लागल्या, काहींना अटक झाली.

तरी वर्ग मिळाला हे काय कमी, असं कुणी विचारेल. कमी नव्हतंच. प्राध्यापक कुर्ट हूबर यांची तत्त्वज्ञानाची व्याख्यानं, मोकळेपणी बोलता येईल असे सोबती, हे सारं सोफीला तिथेच लाभलं. ‘व्हाइट रोझ’ या नाझीविरोधी विद्यार्थी-गटाच्या पत्रकांसाठी ती कागद आणि टपालाची तिकिटं आणायची, तीही थोडी थोडी, वेगवेगळ्या ठिकाणांहून, कारण एकदम गठ्ठा घेतला की संशय यायचा. १८ फेब्रुवारीला विद्यापीठातच पत्रकं टाकताना ती आणि तिचा भाऊ हान्स पकडले गेले. चार दिवसांत दोघांचा शिरच्छेद झाला. सोफीचं वय अवघं एकवीस. असं धाडस करणारे मूठभरच होते, हा आक्षेप खरा आहे, आणि त्यांना पकडून देणाऱ्या शिपायाचा त्याच विद्यापीठात विद्यार्थ्यांनी जयजयकार केला, हेही खरं. म्हणूनच, मुलींची संख्या वाढली एवढ्यावरून विद्यापीठ मोकळं झालं असं मानता येत नाही. आणि ती संख्या तरी कुठे टिकली? युद्ध संपलं, मुलगे परतले, प्रवेशात आघाडीवरून आलेल्यांना प्राधान्य मिळालं आणि मुलींचं प्रमाण पुन्हा घसरलं.