तार एक, विमाने अनेक

महावितरणच्या बिलावर ‘स्थिर आकार’ आणि ‘वहन आकार’ अशा ओळी असतात. विमानाच्या तिकिटातही भाड्याखेरीज विमानतळाचे शुल्क धरलेले असते. हे आकडे योग्य की अयोग्य, हे कुणीतरी बसून तपासावे लागते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड कान (१९१७–२०१०) यांनी या कामाला आयुष्य दिले.

कॉर्नेल विद्यापीठातल्या या प्राध्यापकाने १९७०-७१मध्ये नियमनाच्या अर्थशास्त्रावर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९७४मध्ये ते वीज आणि दूरध्वनीचे दर ठरवणाऱ्या न्यूयॉर्क राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. उन्हाळ्याच्या दुपारी घरोघरी एसी सुरू झाले की विजेची मागणी शिगेला पोहोचते. त्या मोजक्या तासांसाठी उभारलेली यंत्रे एरवी पडून राहतात आणि त्यांचा भार मात्र सगळ्यांवर पडतो. म्हणून कान यांनी वेळेनुसार दर लावण्याचा आग्रह धरला. दूरध्वनी क्रमांकाच्या चौकशीलाही त्यांनी वेगळा आकार लावला. त्यांचा न्याय सोपा होता: ज्याच्यामुळे खर्च होतो, त्याने तो भरावा.

१९७७मध्ये ते अमेरिकेच्या नागरी विमान मंडळाचे प्रमुख झाले. कोणत्या कंपनीने कुठे आणि किती भाड्यात उडायचे, हे १९३८च्या कायद्यानुसार मंडळच ठरवत असे. जवळपास चाळीस वर्षांत एकाही नव्या कंपनीला मुख्य मार्गांवर प्रवेश मिळाला नव्हता. कॅलिफोर्निया आणि टेक्सासच्या हद्दीतल्या उड्डाणांवर मात्र मंडळाची सत्ता नव्हती, आणि तिथली भाडी कितीतरी कमी होती. कान यांच्या दृष्टीने हा मोठा पुरावा होता. वीजवाहिनीला समांतर दुसरी वाहिनी टाकणे परवडत नाही, विमान मात्र आज या मार्गावर तर उद्या त्या मार्गावर नेता येते. म्हणून विजेवर नियामक हवाच, पण विमानभाडे स्पर्धेवर सोडता येते.

त्यांची नजर बारीक होती. जागांपेक्षा जास्त तिकिटे विकली गेली, तर कुणालाही परस्पर न उतरवता आधी मोबदला देऊन स्वेच्छेने थांबणारे प्रवासी शोधावेत, हा नियम १९७८मध्ये त्यांच्याच काळात आला. मंडळाचे आदेश साध्या भाषेत लिहा, असेही त्यांनी सहकाऱ्यांना बजावले.

२४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी विमानसेवा नियंत्रणमुक्ती कायद्यावर सही केली. १९८४ संपताना मंडळच बंद झाले. भाडी उतरली, पण ब्रॅनिफ आणि पॅन ॲमसारख्या कंपन्या बुडाल्या, माणसांच्या नोकऱ्या गेल्या. काही विमानतळांवर एकेका कंपनीचा वरचष्मा झाला. तेव्हा मक्तेदारीविरोधी कायदे कडक राबवा, असे कान सांगत राहिले.

विजेवर नियामक, विमानभाडे खुले, ही विभागणी आज आपल्याकडेही दिसते. १९९९मध्ये स्थापन झालेला महाराष्ट्र वीज नियामक आयोग वीजदर ठरवतो. विमानभाडे सर्वसाधारणपणे खुले आहे, पण मोठ्या विमानतळांचे शुल्क २००९मध्ये स्थापन झालेले प्राधिकरण ठरवते, कारण प्रवाशाला सहसा दुसरा विमानतळ निवडता येत नाही.

नियमनाच्या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणांनी दरवाढीच्या एखाद्या जाहीर सुनावणीला जाऊन बसावे. हिशेब बारकाईने वाचावा आणि ग्राहकाला कळेल असा निकाल लिहायला शिकावे. जिथे ग्राहकाला पर्याय नाही, तिथे ठाम उभे राहावे. जिथे पर्याय निर्माण होतो, तिथे आपली खुर्ची मोडायची तयारी ठेवावी. कान यांनी ही दोन्ही कामे केली, म्हणून त्यांची कारकीर्द मोठी.