जीन्समध्ये आहे, पोटात नाही!

हल्ली प्रत्येक ऑफिसात एक तरी 'ग्लूटेन-फ्री' पब्लिक सापडतं. पिझ्झा बघून नाक मुरडायचं, डब्यातली चपाती हद्दपार करायची आणि पोट फुगलं की दोष गव्हाला द्यायचा. फॅशन म्हणून चालेल बॉस, पण काहींसाठी हा चॉइसचा मामला नसतोच.

उदाहरणार्थ माझी ताई. मी नोकरीला पुण्यात, घर नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. दोन वर्षं ताईचं हिमोग्लोबिन वर यायलाच तयार नव्हतं. लोहाच्या गोळ्या चालू आणि थकवाही चालू. शेवटी निदान झालं, सिलिअ‍ॅक डिसीज. यात गहू, जव आणि राय यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतलं अस्तर झिजून सपाट होतं आणि खाल्लेलं लोह, कॅल्शियम अंगी लागत नाही. औषध एकच, ग्लूटेन आयुष्यभर बंद.

घरात लगेच दोन प्रश्न उभे राहिले. आईचा, "माझ्याकडून गेलं का रे हे तिच्यात?" आणि आम्हा दोघा भावांचा, आता पुढचा नंबर कुणाचा?

टेस्ट नेमकं काय सांगते?

आई-वडील, भावंडं किंवा मुलं यांच्यापैकी कुणाला सिलिअ‍ॅक असेल, तर आपला धोका साधारण 7 ते 10 टक्क्यांवर जातो. एरवी तो 1 टक्क्याच्या आसपास असतो. म्हणून डॉक्टरांनी आमच्या रक्ताच्या तपासणीबरोबर जेनेटिक टेस्टही सुचवली.

ही टेस्ट एचएलए-डीक्यू2 आणि एचएलए-डीक्यू8 हे दोन प्रकार शोधते. सिलिअ‍ॅकच्या जवळपास सगळ्या पेशंट्समध्ये यांपैकी एक तरी असतो. दोन्ही नसतील, तर हा आजार होण्याची शक्यता जवळजवळ शून्य. पण गंमत पुढे आहे. हे जीन्स साधारण 30 ते 40 टक्के लोकांकडे असतात आणि त्यांतल्या शंभरातल्या जेमतेम तिघांना आजार होतो. म्हणजे ही टेस्ट 'नाही' खणखणीत सांगते, 'हो' मात्र कधीच सांगत नाही.

धाकट्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. त्याचा विषय तिथेच संपला. माझा पॉझिटिव्ह, पण रक्ताची टेस्ट नॉर्मल. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, चपाती सोडायची नाही. त्रास झाला तर लगेच, नाहीतर काही वर्षांनी रक्त पुन्हा तपासायचं. आणि आईला म्हणाले, "मूल प्रत्येक जीनची एक प्रत आईकडून घेतं, एक वडिलांकडून. देशातले कोट्यवधी लोक हेच जीन्स घेऊन मजेत चपाती खातात. यात दोष कुणाचाच नाही."

जीन तेच, ताट वेगळं

2016 साली भारतातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातले 23,331 प्रौढ त्यात तपासले होते. महाराष्ट्र त्यात नव्हता. उत्तरेत सिलिअ‍ॅकच्या अँटीबॉडीजचं प्रमाण 1.23 टक्के निघालं, ईशान्येत 0.87 आणि दक्षिणेत फक्त 0.10. डीक्यू2-डीक्यू8 मात्र उत्तरेत 38 टक्के लोकांकडे आणि दक्षिणेतही 36 टक्के! फरक दिसला ताटात. उत्तरेत गहू रोज सरासरी 455 ग्रॅम, दक्षिणेत 25. अर्थात, ईशान्येत गहू 37 ग्रॅमच असूनही आजार बराच दिसला. तेव्हा सगळं खापर गव्हावरही फोडता येत नाही. पण जीन एकटा काही करत नाही, एवढं नक्की.

भाकरी झिंदाबाद, पण गिरणीचं काय?

नगरकर पेशंटचं नशीब एका बाबतीत बरं आहे. बाजरी, ज्वारी, अकोल्याकडची नाचणी, उपासाची भगर, सगळं मुळातच ग्लूटेन-फ्री. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटसोबत तयार केलेलं 'धनशक्ती' हे जादा लोहाचं बाजरीचं वाण तर 2012 साली महाराष्ट्रात आलं. ताईसारख्यांना आणखी काय हवं?

गोची गिरणीत होते. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दगडात असतो, त्यावर आपली बाजरी पडते आणि पीठ बाद! आमच्याकडे आता घरगुती चक्की आहे आणि तिच्यात गहू टाकायला सक्त मनाई. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, थालीपिठाच्या भाजणीत गहू असू शकतो, चायनीजच्या सोया सॉसमध्येही असतो. बिअर तर जवाचीच. म्हणून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावावी लागते. आपल्याकडे 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

टेस्टला जाण्याआधी

• गहू बंद करण्याआधी रक्ताची टीटीजी-आयजीए टेस्ट करा. गहू सोडल्यावर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

• आधीच सोडला असेल, तर जेनेटिक टेस्ट कामाला येते. खाण्याने जीन्स बदलत नाहीत. निगेटिव्ह आली तर शंका मिटली.

• पॉझिटिव्ह आली तर ते निदान नव्हे. प्रौढांमध्ये पक्कं निदान सहसा रक्ताची टेस्ट आणि एंडोस्कोपीत घेतलेला आतड्याचा तुकडा, यांवरच होतं.

• घरात कुणाला सिलिअ‍ॅक असेल, तर त्रास नसतानाही तपासून घ्या. कित्येकांत तो गुपचूप असतो.

थोडक्यात, रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' दिसलं म्हणून डब्यातली चपाती शेजाऱ्याला देऊन टाकू नका. आधी रक्त तपासा, डॉक्टरांना विचारा. मग भाकरी खायची की चपाती, ते ठरवा.