वॅटचा आकडा आणि स्पीकरची भूक

चांगले स्पीकर मिळणे आता पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. त्यांना शोभेल असा ॲम्प्लिफायर जोडणे मात्र अजूनही कठीण आहे, आणि बहुतेक शौकिनांचा पैसा याच जागी वाया जातो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की इंटरनेटवरचे दुकान असो, गिऱ्हाईक पहिला सवाल करते तो एकच: किती वॅटचा आहे? दुकानदारही गिऱ्हाइकाची नाडी ओळखून असतो. तो मोठा आकडा सांगतो, गिऱ्हाईक खूश होते आणि सौदा पटतो.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. कोणी आम्हाला कापडाचा मीटरचा भाव सांगितला, तर आम्ही आधी पन्हा विचारतो. पन्हा ३६ इंच आहे की ५८ इंच, हे कळल्याशिवाय भावाला काही अर्थ नाही. वॅटचेही तसेच आहे. किती ओमच्या स्पीकरवर, किती विकृती सोसून आणि किती वेळ, या तीन गोष्टी सोबत सांगितल्या नाहीत तर वॅटचा आकडा म्हणजे पन्ह्याविना भाव.

आपल्या बाजारात या आकड्याचे जे हाल झाले ते आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहेत. टेपरेकॉर्डरच्या आणि पुढे होम थिएटरच्या खोक्यांवर १००० वॅट, २००० वॅट असे सोनेरी अक्षरांत छापून यायचे आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असायचे, पीएमपीओ. याचा विस्तार पीक म्युझिक पॉवर आउटपुट. ऐकायला भारदस्त, पण या मापाची कोणतीही सर्वमान्य पट्टी नाही. ज्याला जो आकडा रुचला तो त्याने छापला. खरी, सतत मिळणारी ताकद मोजतात तिला बाजारात आरएमएस वॅट म्हणतात. खोक्यावर फक्त पीएमपीओ लिहिले असेल, तर बनवणाऱ्याला खरा आकडा सांगायचा नाही असे आम्ही समजतो.

हा रोग फक्त आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत वाढवून सांगितलेल्या वॅटचा इतका सुळसुळाट झाला होता की तेथील फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ मध्ये खास ॲम्प्लिफायरसाठी नियम करावा लागला. वॅटचा दावा करायचा असेल तर तो कोणत्या परिस्थितीत मोजला हे सांगा, असे त्याचे सार. पुढे अनेक कंपन्यांनी सोयीचा ओम आणि सोयीची विकृती निवडून पुन्हा आकडे फुगवले, तेव्हा २०२४ मध्ये त्या नियमात दुरुस्ती होऊन मोजमापाच्या अटीच बांधून टाकल्या गेल्या: ८ ओमचा भार, २० ते २०,००० हर्ट्झ इतका आवाजाचा पल्ला, आणि विकृती १ टक्क्याहून कमी. आपण दुकानात विचारायचे ते हेच. अनेक स्वस्त ॲम्प्लिफायरांचा आकडा ४ ओमवर आणि १० टक्के विकृतीवर मोजलेला असतो. १० टक्के विकृतीवर गायकाचा गळा बसल्यासारखा ऐकू येतो.

सांगणाऱ्यावर भरवसा नसेल तर हिशेब स्वतः करता येतो. सध्या हाताच्या पंजाएवढे क्लास डी ॲम्प्लिफायर पुष्कळ विकले जातात. माल वाईट नाही, उलट किमतीच्या मानाने फार चांगला आहे. पण त्यावर ‘१०० वॅट गुणिले २’ असे लिहिलेले असते आणि सोबत लॅपटॉपला असतो तसा अडॅप्टर मिळतो. तो अडॅप्टर उलटा करून वाचा. समजा, त्यावर १९ व्होल्ट आणि ३.४२ अँपिअर लिहिले आहे. दोहोंचा गुणाकार ६५ वॅट. दोन्ही बाजूंचे मिळून सतत ६५ वॅटच आत येत असतील तर २०० वॅट बाहेर कोठून येणार? दुसरा हिशेब व्होल्टचा. अशा बहुतेक ॲम्प्लिफायरांत अडॅप्टरच्या व्होल्टचा वर्ग करून त्याला स्पीकरच्या ओमच्या दुपटीने भागले की आवाज फाटण्याआधीची कमाल ताकद येते. २४ व्होल्ट आणि ८ ओम धरले तर ५७६ भागिले १६, म्हणजे ३६ वॅट. याहून जास्त छापलेले असेल तर ते ८ ओमचे नव्हे किंवा खरे नव्हे.

भिंतीच्या प्लगवर चालणाऱ्या मोठ्या यंत्रांच्या पाठीमागेही ते किती वीज खाते याची पट्टी असते. त्या आकड्यावरून काटेकोर निकाल देऊ नये, कारण तो बहुधा पूर्ण ताकदीवर मोजलेला नसतो. पण पाठीवर ६० वॅट आणि पोटावर १००० वॅट असेल, तर समजायचे ते समजावे.

आता स्पीकरकडे वळू, कारण खरा प्रश्न ॲम्प्लिफायर किती देतो हा नसून स्पीकर किती मागतो हा आहे. प्रत्येक चांगल्या स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी नावाचा आकडा असतो. १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज होतो, हे तो सांगतो. हा आकडा ३ ने कमी असला की तितक्याच आवाजासाठी दुप्पट वॅट लागतात, आणि १० ने कमी असला की दहापट. गिऱ्हाईक या आकड्याकडे बघत नाही आणि विक्रेताही बोट ठेवत नाही. आमच्या मते खोक्यावरच्या सगळ्या मजकुरात मोलाचा आकडा हाच.

उदाहरण घेऊ. बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत वापरण्यासाठी एक छोटा स्पीकर तयार केला, एलएस ३/५ए. उंची जेमतेम एक फूट. रॉजर्ससारख्या कंपन्यांनी परवाना घेऊन तो विकला आणि माणसाच्या आवाजाच्या खरेपणासाठी तो जगभर नावाजला गेला. आजही त्याचे नवे अवतार निघतात. पण त्याची सेन्सिटिव्हिटी ८३ डेसिबलच्या आसपास, म्हणजे फार कमी. घरातल्या खोलीत आपण तीन मीटरवर बसून कव्वाली ऐकतो असे धरा. सरासरी आवाज ८० डेसिबल असला तरी टाळ्या आणि ढोलकीची थाप क्षणभर ९५ पर्यंत उडी मारते. अंतराची घट आणि दोन स्पीकरांची बेरीज धरून ढोबळ हिशेब केला, तर या स्पीकरला त्या क्षणी प्रत्येकी ४० वॅटच्या जवळपास लागतात. त्याच खोलीत ९० डेसिबलचा स्पीकर ठेवला तर ८ वॅटमध्ये काम भागते. आणि अमेरिकेतील पॉल क्लिप्श यांचा १९४६ पासून बनत आलेला भोंग्याचा स्पीकर क्लिप्शहॉर्न ठेवला, तर एक वॅटसुद्धा पुरा लागत नाही. कारण त्याची सेन्सिटिव्हिटी १०५ डेसिबल सांगितली जाते. व्हॉल्वच्या पाच-सात वॅटच्या ॲम्प्लिफायरचे शौकीन असे स्पीकर शोधत फिरतात ते उगीच नव्हे.

यातून एक गोष्ट निघते जी विक्रेते सहसा सांगत नाहीत. ५० वॅटचा ॲम्प्लिफायर सोडून १०० वॅटचा घेतला तर वाढ होते ती फक्त ३ डेसिबलची. कानाला ती जेमतेम एक पायरी वाटते. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. दुप्पट दाम मोजून पायरीभर आवाज घेण्यापेक्षा ८४ ऐवजी ८८ डेसिबलचा तोलामोलाचा स्पीकर मिळत असेल तर तो बघणे शहाणपणाचे.

दुसरी बाब ओमची, म्हणजे इम्पीडन्सची. स्पीकर विजेला किती अडवतो याचे हे माप. ओम जितके कमी तितका ॲम्प्लिफायरकडून जास्त प्रवाह ओढला जातो. पण स्पीकरवर ८ ओम लिहिलेले असले तरी तो सगळ्या सुरांना ८ ओम नसतो. खर्जात एका जागी ४, तर दुसऱ्या जागी ३० असेही असते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे छापलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली तो कोठेही जाऊ नये. म्हणजे ८ ओमचा स्पीकर ६.४ च्या खाली उतरता कामा नये. प्रत्यक्षात ८ म्हणून विकले जाणारे कित्येक स्पीकर ४ पर्यंत उतरतात. सबब स्पीकर घेताना ‘किमान इम्पीडन्स किती’ हा सवाल जरूर करावा. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या अपोजी कंपनीचा सिंटिला नावाचा स्पीकर तर १ ओमपर्यंत जायचा आणि भले भले ॲम्प्लिफायर त्याच्यापुढे गुडघे टेकायचे.

ॲम्प्लिफायरची कसोटी इथेच लागते. आदर्श ॲम्प्लिफायर ८ ओमवर ५० वॅट देत असेल तर ४ ओमवर १०० द्यायला हवा. कोणी ७५ देतो, तेही ठीक. पण जो कागदावर ४ ओमचा आकडाच देत नाही, त्याच्याशी कमी ओमचा स्पीकर जोडू नये. शिवाय एक प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो: एका ॲम्प्लिफायरवर हॉलमध्ये एक जोडी आणि आतल्या खोलीत दुसरी जोडी. ८ आणि ८ ओम समांतर जोडले की ४ होतात. ॲम्प्लिफायर तापतो, फ्यूज जातो आणि दोष कंपनीला.

१९७८ मध्ये बाजारात आलेला नॅड ३०२० हा ॲम्प्लिफायर या संदर्भात आठवण्यासारखा आहे. दिसायला अगदी साधा, आणि लिहिलेली ताकद फक्त २० वॅट. पण हे २० इमानदार होते. क्षणभराच्या उंचीला तो याच्या दुपटीपर्यंत जायचा आणि कमी ओमच्या स्पीकरवरही हातपाय गाळायचा नाही. जगात प्रचंड खपला. पीएमपीओच्या हिशेबाने त्याच्यावर किती आकडा छापला असता, कोण जाणे!

मोठ्या ॲम्प्लिफायरने स्पीकर जळतो, ही समजूत अर्धीच खरी. लहान ॲम्प्लिफायर ओढाताण करून वाजवला तर तोही जाळतो. ताकद संपली की सुरांच्या लाटेचे माथे छाटले जातात. सरासरी ताकद वाढते, वरच्या पट्टीतला भाग फुगतो आणि तो सगळा ट्विटरच्या वाट्याला येतो. ट्विटर बिचारा थोडे वॅट सोसणारा, त्याची तार जळते. म्हणून हिशेबात ४० वॅट निघाले तर ६० ते ८० चा घ्यावा आणि आवाजाचा कान पिळताना जिथे कर्कशपणा जाणवेल तिथे थांबावे.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आखातातून सामान येते, त्यांच्यासाठी थोडे सांगणे जरूर आहे. दुबई आणि कुवेतची वीज आपल्याशी जुळणारी. सौदीत मात्र घरातली वीज बराच काळ १२७ व्होल्टची होती आणि तिथली फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्झ आहे. अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानमध्ये १००. तिथला ॲम्प्लिफायर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये सरळ लावला तर धूरच निघेल. पाठीमागे व्होल्टेज बदलायची खटकी असेल तर ती आधी फिरवावी. नसेल तर पुरेशा ताकदीचा स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. त्यावरही फक्त ६० हर्ट्झसाठी बनलेला माल आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. जुने जपानी ॲम्प्लिफायर सध्या मोठ्या प्रेमाने विकत घेतले जातात. घेणाऱ्याने मागची पट्टी वाचल्याशिवाय बयाणा देऊ नये.

सीडी प्लेअर किंवा डॅक यांच्याबद्दल फार लिहावे असे नाही. चांगल्या डॅकमधून २ व्होल्टच्या आसपास सिग्नल येतो आणि कोणत्याही ॲम्प्लिफायरला तो पुरतो. रेकॉर्ड प्लेअरची गोष्ट निराळी. त्याच्या सुईतून येतात अवघे ५ मिलिव्होल्ट, म्हणजे चारशेव्या हिश्श्याइतके. त्याला वेगळा फोनो विभाग लागतो आणि तो आजच्या अनेक ॲम्प्लिफायरांत नसतो. स्कॉटलंडच्या लिन कंपनीने १९७० च्या दशकापासून असे आग्रहाने मांडले की पैसा आधी प्लेअरवर घाला, मग पुढच्या यंत्रांवर. रेकॉर्डच्या जमान्यात त्यात तथ्य होते. आज डॅक इतके स्वस्त आणि सरस झाले आहेत की निम्म्याहून जास्त रक्कम स्पीकरला, मग ॲम्प्लिफायरला आणि उरलेली बाकीच्याला, असे आम्ही म्हणू.

तारेवर तर मुळीच जास्त पैसे घालू नयेत. पाच मीटरपर्यंतच्या अंतराला घराच्या वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. फक्त ती तांब्याचीच असल्याची खात्री करावी. आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा, असा माल बाजारात भरपूर आहे. रेशमाचा पदर आणि आत सूत, तसलाच प्रकार. चाकूने टोक खरवडले की पांढरे दिसते. जोडताना लाल खुंटीला लाल आणि काळीला काळी, दोन्ही बाजूंना. एक स्पीकर उलटा जोडला गेला की दोघांचा खर्ज एकमेकाला खाऊन टाकतो, तबल्याचा बायाँ गायब होतो आणि गिऱ्हाईक नवा, जास्त वॅटचा ॲम्प्लिफायर बघायला बाजारात निघते.