रिव्हॉल्व्हर, आखूड नळीचे

रिव्हॉल्व्हर, आखूड नळीचे : सामान्यतः ५ ते ७·५ सेंमी. लांबीची नळी आणि ०·४४ इंच वा त्याहून मोठे कॅलिबर असलेले, खिशात किंवा कपड्यांखाली बाळगता येण्याजोगे हस्तशस्त्र. कॅलिबर म्हणजे नळीचा अंतर्व्यास. तो इंचाच्या दशांशांत सांगण्याची रूढी असली, तरी व्यापारी नावातील आकडा नेहमी खरा असतोच असे नाही. ०·४४ स्पेशल काडतुसाच्या गोळीचा प्रत्यक्ष व्यास सु. १०·९ मिमी. (०·४२९ इंच), तर ०·३८ स्पेशलचा अवघा ९·१ मिमी. (०·३५७ इंच) भरतो. या प्रकारच्या शस्त्राची निवड ही मुख्यतः देवाणघेवाण आहे. नळी आखूड केल्याने शस्त्र बाळगणे सोपे होते. परंतु गोळीचा वेग, नेमाची अचूकता आणि हातातील शस्त्रावरचा ताबा या तिन्ही गोष्टी कमीअधिक प्रमाणात गमवाव्या लागतात. मोठे कॅलिबर घेतल्याने यांपैकी पहिल्या तोट्याची काही भरपाई होते, उरलेले दोन मात्र वाढतात. [→ काडतूस, पिस्तूल].

इतिहास : या वर्गातील पहिले सर्वपरिचित शस्त्र म्हणजे बर्मिंगहॅम येथील वेब्ली कंपनीने १८७२ मध्ये विक्रीस आणलेले ‘ब्रिटिश बुलडॉग’ हे होय. त्याची नळी सु. ६·४ सेंमी. लांबीची असून त्यात पाच काडतुसे बसत. प्रथम ०·४४२ व नंतर ०·४५० कॅलिबरमध्येही ते मिळू लागले. कोटाच्या खिशात मावणारे आणि तरीही जाड गोळी झाडणारे शस्त्र ही कल्पना लोकांना इतकी पटली की, बेल्जियम व अमेरिका येथील अनेक कारखान्यांनी त्याच्या नकला काढल्या. ‘बुलडॉग’ हे एका कंपनीचे नाव न राहता जातिवाचक बनले.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वेस्थानकात याच प्रकारच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडण्यात आल्या. मारेकरी चार्ल्स गिटो याने ते काही आठवडे आधी विकत घेतले होते. पुढे हे शस्त्र संग्रहालयात ठेवले जाईल व तेथे ते शोभून दिसावे, म्हणून त्याने लाकडी मुठीऐवजी हस्तिदंती मुठीचे पसंत केले, अशी हकीकत सांगतात. शस्त्रनिवडीची याहून विचित्र कसोटी क्वचितच कोणी लावली असेल. या प्रकरणातील वैद्यकीय भाग अधिक बोधक आहे. गोळी शरीरात राहिली, पण तिने कोणतेही मर्मस्थान भेदले नव्हते. न धुतलेल्या बोटांनी व उपकरणांनी तिचा शोध घेण्याचे प्रयत्न वारंवार झाले, जखमेत जंतुसंसर्ग पसरला आणि १९ सप्टेंबर रोजी गारफील्ड यांचा मृत्यू झाला. जाड गोळी लागताच मनुष्य जागीच कोसळतो, अशी त्या काळी समजूत होती. ती पुढेही टिकून राहिली.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी या समजुतीस लष्करी पाठबळ मिळाले. फिलिपीन्समधील मोरो लढवय्यांना ०·३८ कॅलिबरच्या गोळ्या आवरू शकत नाहीत, अशी अमेरिकन सैनिकांची तक्रार होती. तीवरून टॉमसन व लगार्ड या दोन अधिकाऱ्यांनी १९०४ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यातील गुरांवर आणि मानवी प्रेतांवर चाचण्या घेतल्या व लष्करी हस्तशस्त्राचे कॅलिबर ०·४५ इंचाहून कमी नसावे, असा निष्कर्ष काढला. चाचण्यांतील प्राण्यांची संख्या थोडी होती व गोळ्या झाडण्याची पद्धतही एकसारखी नव्हती. त्यामुळे या निष्कर्षावर पुढे बरीच टीका झाली. पण १९११ मध्ये स्वीकारलेल्या अमेरिकन लष्करी पिस्तुलाचे कॅलिबर त्यावरूनच ठरले.

याच्या नेमका उलट निर्णय ब्रिटिश सैन्याने घेतला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धात वापरलेले ०·४५५ कॅलिबरचे वेब्ली रिव्हॉल्व्हर प्रभावी होते. मात्र थोडक्या प्रशिक्षणात सामान्य सैनिकास ते नीट चालविता येत नाही, असा अनुभव आला. म्हणून १९३२ मध्ये ०·३८० कॅलिबरचे हलके एनफील्ड रिव्हॉल्व्हर स्वीकारण्यात आले आणि त्यासाठी १३ ग्रॅ. वजनाची जड, संथ गोळी निवडण्यात आली. एकाच प्रश्नाला दोन सैन्यांनी दिलेली ही दोन उत्तरे आहेत : एकाने गोळीकडे पाहिले, दुसऱ्याने ती झाडणाऱ्या हाताकडे.

आखूड नळीच्या बाबतीत १९२० नंतरच्या दशकात कोल्ट कंपनीतील नामांकित नेमबाज जॉन हेन्री फिट्झजेराल्ड यांनी एक टोकाचा प्रयोग केला. ०·४५ कॅलिबरच्या मोठ्या ‘न्यू सर्व्हिस’ रिव्हॉल्व्हरची नळी त्यांनी सु. ५ सेंमी.पर्यंत कापली, घोड्याचे टोक काढून टाकले आणि चापाभोवतीच्या कड्याचा पुढील भागही तोडला. अशी दोन शस्त्रे ते स्वतः पुढच्या खिशांत बाळगीत. कड्याविना उघडा पडलेला चाप खिशातील वस्तूने किंवा बोटाने नकळत दाबला जाण्याचा धोका उघड आहे. असामान्य सराव असलेल्या माणसाचे शस्त्र इतरांनी उचलणे शहाणपणाचे नसते. त्याच कंपनीने १९२७ मध्ये सर्वसाधारण ग्राहकांसाठी ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ हे आखूड रिव्हॉल्व्हर काढले, ते मात्र ०·३८ कॅलिबरचे होते.

मोठे कॅलिबर व लहान आकार यांचा मेळ घालण्याचा आधुनिक प्रयत्न म्हणजे अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील चार्टर आर्म्स कंपनीने १९७३ मध्ये आणलेले ‘बुलडॉग’ हे रिव्हॉल्व्हर होय. पाच काडतुसे, ७·५ सेंमी.ची नळी, ०·४४ स्पेशल कॅलिबर आणि रिकामे असताना वजन केवळ ५४० ग्रॅ.च्या आसपास, असे त्याचे स्वरूप होते. न्यूयॉर्क शहरात १९७६-७७ मध्ये झालेल्या हत्यासत्रात हेच शस्त्र वापरले गेल्याने त्याचे नाव जगभर पसरले. या प्रसिद्धीचा त्याच्या तांत्रिक गुणावगुणांशी अर्थातच संबंध नाही.

नळीची लांबी व गोळीचा वेग : काडतुसातील दारू जळून निर्माण झालेले वायू गोळी नळीत असेपर्यंतच तिला ढकलू शकतात. नळी आखूड असल्यास बरीच दारू गोळी बाहेर पडल्यानंतर हवेत जळते. तिची शक्ती वाया जाऊन डोळे दिपविणारी ज्वाला व कर्कश आवाज तेवढे उत्पन्न होतात. ही हानी सर्व काडतुसांत सारखी नसते. १९०७ च्या सुमारास प्रचारात आलेल्या ०·४४ स्पेशलची १५·९ ग्रॅ.ची गोळी लांब नळीतून सु. २३० मी./से. वेगाने निघते, तर ७·५ सेंमी.च्या नळीतून सु. २१० मी./से. वेगाने, म्हणजे तिच्या ऊर्जेत साधारणपणे एक षष्ठांश घट होते. १९५५ मध्ये आलेल्या ०·४४ मॅग्नमची गोष्ट वेगळी आहे. त्यात सावकाश जळणारी दारू भरपूर असते. १६·५ सेंमी.च्या नळीतून सु. ४२० मी./से. वेगाने जाणारी तिची गोळी ६·५ सेंमी.च्या नळीतून ३५० मी./से.च्या आसपास वेग गाठते आणि ऊर्जेचा सु. एक तृतीयांश भाग गमावते. प्रचंड आवाज व धक्का सोसून त्याचे पुरते मोल पदरात पडत नाही. यामुळेच आखूड नळीसाठी जड, जाड आणि मुळातच संथ गोळीचे काडतूस अधिक योग्य मानतात.

दोन्ही काडतुसांचा व्यास एकच असला, तरी मॅग्नमची पुंगळी सु. ३ मिमी.ने लांब ठेवली आहे. त्यामुळे मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये स्पेशल काडतूस चालते. उलट, स्पेशलसाठी बनविलेल्या कमकुवत कोठीत मॅग्नम काडतूस पूर्ण शिरत नाही व संभाव्य अपघात टळतो. जड मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेऊन त्यात नेहमी स्पेशल काडतुसेच वापरणारे अनेक जण आढळतात आणि ही योजना दिसते तितकी विसंगत नाही.

वजन व प्रत्याघात : गोळी पुढे जाते तितक्याच संवेगाने शस्त्र मागे ढकलले जाते. वरील ०·४४ स्पेशलची गोळी झाडली असता ०·६ किग्रॅ. वजनाचे रिव्हॉल्व्हर सु. ५·६ मी./से. वेगाने मागे येते व त्याची ऊर्जा ९ जूलांहून थोडी अधिक असते. तेच रिव्हॉल्व्हर १·२ किग्रॅ.चे असल्यास वेग व ऊर्जा दोन्ही निम्म्यावर येतात. येथे केवळ गोळीचा विचार केला आहे. वायूंचा संवेग धरल्यास हे आकडे आणखी वाढतात. दिवसभर कमरेला बाळगताना जाणवणारा ०·६ किग्रॅ.चा फरक गोळी झाडताना उपकारक ठरतो. विक्रेत्याच्या दालनात मात्र ग्राहकाला शस्त्राचे वजन तेवढे कळते, धक्का कळत नाही. हलके शस्त्र अधिक खपते याचे हे एक कारण असावे.

अतिशय हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक दोष संभवतो. झटक्यासरशी शस्त्र मागे येते, पण न झाडलेल्या काडतुसांतील जड गोळ्या जडत्वामुळे जागीच राहू पाहतात व पुंगळीतून पुढे सरकतात. अशी सरकलेली गोळी सिलिंडरच्या बाहेर डोकावली की सिलिंडर फिरणे थांबते आणि ऐन वेळी शस्त्र निकामी होते. निवडलेल्या काडतुसांपैकी शेवटचे काडतूस चार गोळ्या झाडल्यानंतर बाहेर काढून त्याची लांबी मूळ लांबीशी ताडून पाहणे, ही या दोषाची साधी परीक्षा आहे.

रचनेतील इतर बाबी : सिलिंडर म्हणजे काडतुसांच्या कोठ्या असलेला फिरता दंडगोल. ०·४४ कॅलिबरच्या सहा कोठ्यांसाठी त्याचा व्यास सु. ४३ मिमी. ठेवावा लागतो, पाच कोठ्यांत तो ३७ मिमी.च्या आसपास आणता येतो. खिशात मावण्याच्या दृष्टीने एका काडतुसाचा हा त्याग बहुधा किफायतशीर ठरतो. रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारा दांडा नळीखाली असतो. नळी ५ सेंमी.ची असल्यास तो इतका तोकडा होतो की पुंगळ्या अर्धवट बाहेर येऊन अडकतात. ७·५ सेंमी.च्या नळीत पूर्ण लांबीचा दांडा बसतो आणि केवळ या एका कारणासाठीही अनेक जाणकार अडीच सेंमी. अधिक लांबी पत्करतात.

पुढील माशी व मागील खाच यांतील अंतर जितके कमी, तितकी नेमातील चूक मोठी होते. हे अंतर १० सेंमी. असताना माशी अर्धा मिमी. जरी ढळली, तरी १० मी.वर गोळी ५ सेंमी. बाजूला जाते, अंतर २० सेंमी. असल्यास ती अडीच सेंमी.च ढळते. दुहेरी क्रियेच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चाप ओढतानाच घोडा मागे जात असल्याने बोटाला ५-६ किग्रॅ. इतका जोर लावावा लागतो व त्या ओढीत माशी ढळणे अगदी सोपे असते. मूठ बोटांना पुरेल एवढी मोठी आणि शक्यतो रबराची असावी; लाकडाची अरुंद मूठ धक्क्याचा सर्व भार तळहाताच्या एकाच बिंदूवर टाकते. सिलिंडर व नळी यांमधील ०·१ ते ०·२ मिमी.च्या फटीतून प्रत्येक बारास तप्त वायू बाजूला फेकले जातात. आखूड शस्त्र दोन्ही हातांनी धरताना पुढच्या हाताची बोटे या फटीजवळ येऊ देता कामा नये. आवाज १५० डेसिबलांहून अधिक असल्याने सरावाच्या वेळी कानांना संरक्षण अनिवार्य असते.

परिणामकारकता : हस्तशस्त्राच्या गोळीने मनुष्य मागे फेकला जातो, हे चित्रपटांतील दृश्य भौतिकीच्या नियमांत बसत नाही, तसा धक्का झाडणाऱ्यालाही बसला असता. अमेरिकेच्या संघीय अन्वेषण विभागाने (एफबीआय) मायामी येथील ११ एप्रिल १९८६ च्या चकमकीनंतर या विषयाचा पुनर्विचार केला. गोळीने किमान १२ इंच (सु. ३० सेंमी.) खोलीपर्यंत पोहोचणे व ती योग्य जागी लागणे यांना त्याने प्राधान्य दिले; गोळीचा व्यास त्यानंतर येतो. या दृष्टीने पाहता मोठ्या कॅलिबरचा लाभ खरा असला, तरी मर्यादित आहे. ताब्यात न राहणाऱ्या जाड गोळीपेक्षा नेमकी लागणारी लहान गोळी अधिक परिणामकारक असते आणि नेम चुकलेली प्रत्येक गोळी कोठे ना कोठे, कदाचित त्रयस्थालाही, लागतेच. जंगली श्वापदांच्या बाबतीत हा हिशेब बदलतो. अस्वलांच्या प्रदेशात हिंडणाऱ्यांसाठी रूगर कंपनीने २००५ मध्ये ‘अलास्कन’ हे ६·५ सेंमी. नळीचे, सव्वा किलोच्या आसपास वजनाचे रिव्हॉल्व्हर काढले. तेथे जाड कातडी व हाडे भेदणारी जड गोळी हवी असते आणि अंतरही काही पावलांचेच असते.

भारतातील स्थिती : शस्त्र अधिनियम, १९५९ व त्याखालील नियमांनुसार ०·३८०, ०·४५५, ९ मिमी. इ. सेवा काडतुसे झाडू शकणारी पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे ‘निषिद्ध बोअर’ या वर्गात मोडतात व सामान्य नागरिकास त्यांचा परवाना मिळत नाही. म्हणून भारतीय परवानाधारकाची निवड बहुतांशी ०·३२ कॅलिबरपुरती मर्यादित राहते. २०१४ मध्ये कानपूर येथील आयुध निर्माणीने काढलेले ‘निर्भीक’ हे टिटॅनियम मिश्रधातूचे, सु. ५०० ग्रॅ. वजनाचे रिव्हॉल्व्हरही याच कॅलिबरचे आहे. हलके शस्त्र व सौम्य काडतूस अशी ही जोडी असल्याने मोठ्या कॅलिबरच्या हलक्या शस्त्रांतील धक्क्याचा व गोळी सरकण्याचा प्रश्न येथे तीव्रतेने उद्‌भवत नाही. आखूड नळीतील नेमाचा व चापाच्या जड ओढीचा प्रश्न मात्र तसाच राहतो. २०१९ मधील दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली आहे.